फॉर्मल पँटखाली स्नीकर्स चालतात का? गोव्यातल्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत पाटोवरच्या एका ऑफिसात मी गेली अठरा वर्षं माणसं नेमायचं आणि त्यांच्या रोजच्या अडचणी निस्तरायचं काम करतो. वडिलांचं म्हापशात शिंपीकाम होतं, त्यामुळे पँट पायावर कशी पडते हे बघत बघतच मी मोठा झालो. नव्याने नोकरीला लागलेली मुलं-मुली पगार आणि रजा यांच्यानंतर मला सर्वांत जास्त विचारतात ते बुटांबद्दल. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

थोडक्यात सांगा, चालतात की नाही?

चालतात. बूट चामड्याचा, एका रंगाचा, पातळ सोलचा आणि स्वच्छ हवा. पँटची उंची त्या बुटाला धरून बेतलेली हवी. आणि त्या दिवशी कोर्ट, मुलाखत किंवा पहिल्यांदाच भेटणारं मोठं गिऱ्हाईक समोर नको. एवढं जमलं तर गोव्यातल्या बहुतेक खासगी ऑफिसांत कुणी पायांकडे बघणारही नाही. यातली बुटाची अट सगळ्यांना माहीत असते, पँटची अट जवळजवळ सगळे विसरतात. म्हणून खाली पँटवर मी जास्त लिहिलं आहे.

स्नीकर्स, ट्रेनर्स, स्पोर्ट्स शूज, कॅनव्हास: हे सगळं एकच ना?

दुकानदार एकाच फळीवर मांडतो, पण एक नाही. ट्रेनर्स हा इंग्लंडातला शब्द, स्नीकर्स अमेरिकेतला. रबरी तळव्याचा आवाज होत नाही, चोरपावलांनी चालता येतं, म्हणून ते नाव पडलं. चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर तापवायच्या कृतीचं पेटंट १८४४ साली घेतलं. त्याआधीचं रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं, त्याचा तळवा टिकला नसता. १९१७ साली कॉन्व्हर्सचा ऑल स्टार बास्केटबॉलसाठी आला. आदिदासच्या पांढऱ्या चामडी टेनिस बुटाला स्टॅन स्मिथ या खेळाडूचं नाव १९७८ साली मिळालं.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. टेनिस आणि बास्केटबॉल खेळताना बाजूला झेप घ्यावी लागते, पाय मुरगळू नये म्हणून त्या बुटांचा सोल सपाट आणि जमिनीलगत ठेवतात. धावण्याच्या बुटाचं काम वेगळं: टाचेखाली फोमचा जाड थर, पुढचं टोक वर वळलेलं, वरती हवा खेळायला जाळी, आणि लांबून दिसावेत म्हणून भडक रंग. फॉर्मल पँटची रेघ सरळ खाली येते. सपाट बुटावर ती शांतपणे संपते. धावण्याच्या बुटावर ती फोमच्या फुगवट्याला अडते आणि घोट्याशी गोळा होते. ऑफिसात जमतो तो टेनिस-बास्केटबॉलच्या मैदानावरचा सपाट बूट. मॉर्निंग वॉकला मिरामारच्या किनाऱ्यावर घालता तो जोड कितीही महागाचा असला तरी ऑफिसच्या पँटखाली जमत नाही.

कॅनव्हास म्हणजे कापडी. शाळेत शनिवारच्या पीटीसाठी आम्ही ते खडू चोळून पांढरे करायचो. जीन्सखाली आणि जाड सुती पँटखाली छान दिसतात, पण इस्त्रीच्या घडीच्या पँटखाली फार हलके पडतात, पाय अर्धवट सजल्यासारखे वाटतात.

बाकी पायताणांची नावं बाहेरून येणं आपल्याला नवं नाही. घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडचा ‘सपाता’ हा शब्द पोर्तुगीज ‘सापातु’वरूनच आला आहे.

मग दुकानात नेमकं काय बघू?

वरचा भाग गुळगुळीत चामड्याचा हवा, किंवा निदान चामड्यासारख्या एकसंध मटेरियलचा. जाळी नको, चार रंगांचे तुकडे जोडलेले नकोत. कंपनीचं चिन्ह लहान किंवा बुटाच्याच रंगात असावं. सोलची जाडी बाहेरून साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे पाय होडीत ठेवल्यासारखा दिसतो. पुढचं टोक फार रुंद नको. लेस साधी, बुटाच्या रंगाशी मिळती.

सोल आणि वरचा भाग जिथे मिळतात तिथे दोरा दिसतो का बघा. चहूबाजूने शिलाई असेल तर पुढे दुरुस्ती सोपी जाते. खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात आणि सकाळी घट्ट बसलेला बूट चार वाजता चावू लागतो. रोजचे मोजे खिशात घालून न्या. दुकानाच्या गालिच्यावर दोन पावलं टाकून होत नाही, फरशीवर चालून बघा.

पांढरे घ्यावेत की काळे?

चित्रात पांढरेच शोभतात. पण आपण राहतो जांभ्या दगडाच्या प्रदेशात. इथली माती लोहाने लाल झालेली, आणि पहिला पाऊस पडला की रस्त्याकडेचं पाणी चहासारखं वाहतं. पांढऱ्या बुटाच्या शिलाईत हा लाल रंग एकदा शिरला की निघत नाही. माझ्याकडे एक पांढरा जोड आहे, तो मी दसरा-दिवाळीपासून मेपर्यंत वापरतो आणि मिरगाआधी पुसून ठेवून देतो.

पूर्ण काळा बूट, काळाच सोल, हे बऱ्याच जणांना सुरक्षित वाटतं, कारण लांबून फॉर्मल दिसतं. माझं मत वेगळं आहे. स्नीकरने काळ्या लेसच्या बुटाचं सोंग घेतलं की जवळ आल्यावर ते सोंग दिसतं, आणि मग माणूस काहीतरी लपवतोय असं उगाच वाटतं. गडद तपकिरी, गर्द निळा किंवा राखाडी चामडी स्नीकर स्नीकर म्हणूनच उभा राहतो आणि चिखलही पचवतो. गोव्यात रोज वापरायला एकच रंग घ्यायचा तर मी गडद तपकिरी सांगेन. निळी, राखाडी, मातकट, ऑलिव्ह, कुठल्याही पँटखाली तो चालतो. फक्त काळ्या पँटखाली नको.

पँट कशी असली पाहिजे?

वडिलांच्या दुकानात कुणी पँट आखूड करायला आणली की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “बूट खंय?” गिऱ्हाईक चप्पल घालून आलं असेल तर ते सरळ परत पाठवायचे. त्या वेळी मला ते हटवादी वाटायचं. नंतर कळलं की पँटची उंची ही पायाची उंची नसतेच, ती पाय आणि बूट मिळून होते.

फॉर्मल बुटाला साधारण अडीच सेंटिमीटरची टाच असते आणि बुटाचा पुढचा भाग लांब, निमुळता असतो. पँटचं कापड त्यावर किंचित टेकून एक हलकी चुणी पडते, ती चांगली दिसते. स्नीकरला वेगळी टाच नसते आणि पुढचा भाग आखूड, गोल असतो. तीच पँट त्यावर आली की एका चुणीच्या तीन होतात आणि मागची कड टाचेखाली जाऊन फरशी पुसते. लोक म्हणतात स्नीकर वाईट दिसला. मी म्हणतो पँट लांब होती.

म्हणून स्नीकरवर घालायची पँट एक ते दीड सेंटिमीटर आखूड करून घ्या. समोरून कड बुटाच्या लेसला जेमतेम शिवावी, मागून बुटाच्या वरच्या काठाखाली थोडी यावी. बॉटमचा घेर चौदा ते पंधरा इंच ठेवा. सोळा-सतराचा घेर लेसच्या बुटाला झाकायला बरा, पण स्नीकर त्याखाली पूर्ण गडप होतो आणि फक्त पांढरा सोल बाहेर डोकावतो. बारापर्यंत खाली जाऊ नका, पोटरीला कापड चिकटतं आणि ऑफिसची पँट जिमची होते.

शिंप्याकडे जाताना तोच बूट पायात घाला, पट्टा नेहमीच्या भोकाला लावा, सरळ उभे राहा आणि खाली बघू नका. खाली वाकलात की पँट मागून वर जाते आणि माप चुकतं. वडील गुडघ्यावर बसून खडूने खूण करायचे आणि मग गिऱ्हाइकाला दुकानभर चालवून पुन्हा बघायचे. दोन वेळा खूण पुसून तिसऱ्यांदा करताना मी त्यांना पाहिलं आहे, वीस रुपयांच्या कामासाठी. आणखी एक: कापलेलं कापड टाकून देऊ नका, आत दीड इंच दुमडून ठेवायला सांगा. उद्या तीच पँट लेसच्या बुटावर घालायची झाली तर उसवून खाली सोडता येते.

कापडाचंही तितकंच आहे. चकाकणारं टेरिकॉट, धारदार इस्त्रीची घडी आणि कमरेला दोन-दोन चुण्या असलेली पँट स्नीकरशी भांडते. मंद पोताची सुती चिनो, लिननमिश्रित कापड, हलकं ट्रॉपिकल वूल, समोरून सपाट कंबर, हे जमतं. सूटचीच पँट वेगळी काढून स्नीकरवर घालू नका. तिचा कोट घरी राहिलाय हे कापड स्वतःच सांगतं, शिवाय एकटी पँट धुऊन-धुऊन कोटापेक्षा फिकी पडते.

मोजे दिसावेत की नको?

घोट्याखाली लपणारे मोजे उन्हाळ्यात बरे, पण बसल्यावर पँट वर सरकते आणि उघडी पिंडरी मीटिंगच्या टेबलाशेजारी दिसते. मला ते आवडत नाही. पँटच्या रंगाचे, पिंडरीच्या अर्ध्यापर्यंतचे पातळ सुती मोजे घ्या. खेळाचे जाड पांढरे मोजे गडद पँटखाली अजिबात नकोत. वरचं सगळं सांभाळून माणूस इथेच घसरतो.

मोज्यांची काळजी घ्यायला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. ऑफिसात सत्यनारायण असतो, खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, चवथीत सहकाऱ्याच्या घरी दर्शनाला जायचं असतं. दर वेळी उंबऱ्याबाहेर बूट काढावे लागतात. अंगठ्यावर भोक पडलेला मोजा बुटात वर्षभर लपून राहतो आणि साहेबांच्या घरच्या मखरापुढे उघडा पडतो. टेबलाच्या खणात मोज्यांचा एक धुतलेला जोड ठेवा. पावसाळ्यातही तोच कामी येतो.

सरकारी खातं, बँक, कोर्ट यांचं काय?

सरकारी खात्यात तुमच्या खात्याचं परिपत्रक हा शेवटचा शब्द, माझं मत नाही. शेजारच्या महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांनी जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर वापरू नयेत असं सांगितलं होतं. ते गोव्याला लागू नव्हतं, पण वरिष्ठांचा कल कुठे असतो ते त्यातून दिसतं. पर्वरीला सचिवालयात मंत्र्यांसमोर किंवा सचिवांसमोर फाइल घेऊन जायची असेल त्या दिवशी लेसचे बूट घाला.

बँकेत काउंटरवर बसणाऱ्याने फॉर्मलच घालावेत. लोकांचे पैसे हातात घेणाऱ्याकडून लोक थोडा जास्त काटेकोरपणा मागतात आणि तो त्यांचा हक्क आहे. आतल्या विभागात शाखेचा रिवाज बघा.

कोर्टात नाही. वकिलांचा पोशाख बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी बांधलेला आहे, काळा कोट आणि पांढरे बँड त्यातलेच. त्या पोशाखाखाली काळे लेसचे बूटच शोभतात. साक्षीला किंवा कंपनीतर्फे जाणाऱ्यानेही त्या दिवशी तेच घालावेत.

मी वेर्णाच्या कारखान्यात आहे, ऑफिस वरच्या मजल्यावर. खाली उतरताना स्नीकर्स चालतील?

नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. उत्पादन विभागात सेफ्टी शूजच. भारतीय मानक आयएस १५२९८ प्रमाणे त्यांच्या टोकाची वाटी दोनशे जूलचा आघात सोसेल अशी असते. स्नीकरचं चामडं पायावर पडलेला पाना अडवू शकत नाही. औषधांच्या प्लँटमध्ये स्वच्छतेसाठी बूट बदलायचे नियम वेगळे असतात, तेही पाळा. वरच्या मजल्यावरच्या कपाटात स्नीकर्स ठेवा आणि येता-जाता बदला.

मुलाखतीला घालू का?

पहिल्या मुलाखतीला नको. समोरच्या तिघांपैकी एकजण जुन्या वळणाचा असतोच, आणि तुम्ही कोण आहात हे त्याला अजून माहीत नसतं. नोकरी लागल्यावर महिनाभर बाकीचे काय घालतात बघा, मग ठरवा.

पण माझ्याकडे एकच जोड आहे, दुसरा परवडत नाही.

हा प्रश्न मला मनापासून लागतो, म्हणून याचं उत्तर सविस्तर देतो.

काही वर्षांपूर्वी वाळपईहून एक मुलगा मुलाखतीला आला. पहाटेची कदंब बस पकडून आलेला, कपडे इस्त्रीचे, पायात चकचकीत काळे बूट. उत्तरं तुटक देत होता, मध्येच पाय हलवत होता. मला वाटलं घाबरलाय. चहाच्या वेळी कळलं की बूट भावोजींचे, एका नंबराने मोठे, पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला, आणि बसस्टँडपासून चालत येताना टाचेला फोड आलेला. मी म्हटलं, “बाबा, टेबलाखाली बूट काढून बस, आम्हाला काही दिसत नाही.” नंतरचा अर्धा तास तो मोकळेपणी बोलला. त्याचे स्वतःचे बूट पिशवीत होते, निळे कॅनव्हासचे, धुतलेले. ते घालून आला असता तरी मी त्याला घेतलंच असतं, आणि घेतलंही.

म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या मापाचे बूट घालू नका. आहे तोच जोड रात्री धुवा किंवा पुसा, लेस नवी घाला, नवी लेस अगदी थोड्या पैशांत येते आणि बूट अर्ध्याने नवा दिसतो. आणि खरोखरच पुढच्या दोन वर्षांसाठी एकच जोड घ्यायचा असेल, तर स्नीकर घेऊ नका. साधा काळा, लेसचा, रबरी सोलचा, टोकाला थोडा गोल असा बूट घ्या. तो मुलाखतीला, कोर्टात, लग्नात, बँकेत आणि रोजच्या कामाला चालतो. स्नीकर हा दुसरा जोड आहे, पहिला नाही.

मुलाखत घेणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना कळकळीची विनंती: बुटांवरून शिस्त मोजू नका. आपल्यासमोर बसलेल्या मुलाने घरून निघताना काय काय जमवलं हे आपल्याला माहीत नसतं.

डॉक्टरांनी मऊ, रुंद बूट घालायला सांगितलेत. ऑफिस फॉर्मलवर अडून बसलंय.

हे चैनीचं मागणं नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यातच आढळलं: २६.४ टक्के. म्हणजे आपल्या प्रत्येक ऑफिसात, चार टेबलांमागे एकाचा हा प्रश्न आहे. मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू कमी होऊ शकते. टोकदार बूट चावतोय हे कळतच नाही, जखम होते, ती भरत नाही आणि पुढे फार महागात पडते.

डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या आणि एचआरला अर्जासोबत द्या. तोंडी सांगू नका, साहेब बदलले की तोंडी परवानगी संपते. गडद रंगाचा, एका रंगाचा, रुंद टोकाचा जोड निवडला तर बहुतेक ठिकाणी वादच होत नाही. टाचदुखीवाल्यांनाही हेच लागू. माझ्याकडे असा अर्ज आला की मी त्याच दिवशी मंजूर करतो, आणि माझ्या जागी बसलेल्या प्रत्येकाने तसं करावं असं मला वाटतं.

बायकांसाठी नियम वेगळे आहेत का?

नसावेत. फॉर्मल पँट घोट्यापर्यंतची असेल तर पातळ चामडी स्नीकर तिच्यावर उलट जास्त चांगला दिसतो, कारण कड आणि बूट यांच्यामध्ये थोडी जागा सुटते. कुर्ता आणि सरळ पँटखालीही चालतो. आमच्याकडच्या बऱ्याच जणी स्कूटरवर आणि फेरीबोटीत स्नीकर्स घालतात आणि ऑफिसात सँडल. उंच टाचा घाला असं कुणी सांगत असेल तर ते कशासाठी, हे लेखी विचारायला हरकत नाही.

पावसाळ्यात काय करू?

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथे प्रश्न फॉर्मल की स्नीकर असा राहतच नाही. भिजलेला कुठलाही बूट चांगला दिसत नाही.

स्कूटरवरून किंवा बेतीच्या फेरीने येणाऱ्यांनी रबरी सँडल घालून यावं, बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणावेत, ऑफिसात पाय पुसून घालावेत. त्याहून बरं म्हणजे चार महिने एक जोड ऑफिसातच ठेवावा. फक्त तो लोखंडी कपाटात बंद करू नका, टेबलाखाली हवेशीर ठेवा.

भिजलाच तर आतला तळवा बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी कागद बदला, पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ किंवा इस्त्रीने सुकवू नका, चामडं तडकतं आणि गोंद सुटतो. एकच जोड रोज घातला तर आतला घाम सुकायला वेळ मिळत नाही, दोन जोड आलटूनपालटून घातले तर दोन्ही जास्त टिकतात. पांढरी-हिरवी बुरशी आली तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडक्याने पुसा, सावलीत सुकवा, शेवटी क्रीम लावा.

आता माझ्यावर गुदरलेला प्रसंग. जपून ठेवलेले काळे फॉर्मल बूट मी एका जुलैत महत्त्वाच्या बैठकीसाठी कपाटातून काढले. वरून नव्यासारखे होते. लिफ्टमधून बाहेर पडलो आणि मागे पाहिलं तर फरशीवर काळा चुरा, केकचा असावा तसा. दहा पावलांत डाव्या बुटाचा सोल निम्मा गळून पडला. दुसऱ्याच्या कार्यालयात, त्यांच्या पांढऱ्या फरशीवर. मी बैठक मोज्यांवर काढली असती, पण त्यांच्या शिपायाने आपली चप्पल काढून दिली, ते मी विसरलेलो नाही.

झालं होतं असं: बऱ्याच आरामदायी बुटांचा सोल पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून हळूहळू तुटत जातो. वापरात असलेला जोड टिकतो, खोक्यात जपलेला आधी जातो, आणि आपल्या दमट हवेत तर हमखास. लग्नासाठी किंवा बैठकीसाठी ठेवलेला जोड, मग तो फॉर्मल असो की स्नीकर, महिन्यातून एकदा घालून घरात चाला. सोल अंगठ्याने दाबून बघा. भुगा सुटला किंवा चिकट लागला तर बाहेर घालून जाऊ नका. पूर्ण रबराच्या सोलला हा धोका कमी असतो, म्हणून खरेदी करतानाच सोल कशाचा ते विचारा.

मनोहरभाई तर साध्या सँडलवर दिल्लीपर्यंत गेले. मग आम्हालाच नियम का?

हे मला दर वर्षी कुणीतरी विचारतं, आणि आदराने विचारतं. पर्रीकर अर्ध्या बाहीचा शर्ट, साधी पँट आणि पायात सँडल अशा वेशात २०१४ ते २०१७ संरक्षणमंत्री म्हणूनही वावरले, हे सगळ्या देशाने पाहिलं. पण त्यांच्या कामाची ओळख त्यांच्या आधी खोलीत पोचलेली असायची. आणि तो वेश रोजचा, स्वच्छ आणि एकसारखा होता. तुमच्या कामाची तशी ओळख व्हायला दोन-तीन वर्षं द्या, तोवर बूट पुसून या.

शुक्रवारी चालतात, मग सोमवारी का नाही?

चामडी, एकरंगी जोड असेल तर सोमवारीही चालावा. शुक्रवारची सवलत धावण्याच्या बुटांना आणि कॅनव्हासला आहे असं धरा.

साहेब टाकून बोलले. काय करू?

त्या दिवशी वाद घालू नका. दुसऱ्या दिवशी लेसचे बूट घालून जा आणि एकांतात विचारा: “सर, पोशाखाचा नियम कुठे लिहिलाय का? मला नीट वाचायचाय.” लिहिलेला असेल तर पाळा. नसेल तर चारचौघांत बोलणं चुकलं हे एचआरने त्यांना सांगायला हवं. तुमचं काम तिथे संपतं, आमचं सुरू होतं.

सोल सुटला किंवा झिजला तर जोड टाकून देऊ?

आधी दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. चहूबाजूने शिवलेला सोल पुन्हा शिवता येतो, नुसता चिकटवलेला असेल तर गोंदाबरोबर शिलाई मारून घ्या. टाचेचा आतला कपडा फाटला असेल तर तिथे चामड्याचा तुकडा लावून मिळतो. म्हापशाच्या बाजारात ही कामं करणारे बसतात, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं गाव तिथे जोडे घेऊन धावतं आणि बूट आठ-आठ दिवस अडकतात. घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची खरेदी चालू असते ना, मिरची, सुकी मासळी, कोकमं, त्याच मे महिन्यात सगळे जोड उलटे करून तळवे बघा आणि ज्यांना शिलाई हवी ते बाजाराच्या पिशवीतच घालून न्या.